त्यांनी तिचं सोनं केलं म्हणे!

विधुराच्या लग्नाची आपल्याकडे मोठी सोय आहे. बायकोचा तेरावा होतो न होतो तोच घरातली एखादी आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणते, "त्याचं काय मेलं, तो पुरुषमाणूस. देवदेव करत दिवस ढकलील. पण पोरांकडं कोण बघणार?" पोरांकडं कोण बघणार, ही समस्त विधुरांची पिढीजात चिंता आहे. बायको जिवंत असताना पोरं कितवीत आहेत हे ज्याला ठाऊक नसतं, त्यालाही ती तेराव्या दिवसापासून भेडसावू लागते.

त्यातून तो विधुर देवभक्त असेल तर विचारूच नका. स्नानसंध्या, सोवळं, एकादशी, कपाळाला गंध. म्हणजे स्थळाच्या दृष्टीनं दुधात साखर! मग एखादी मुलगी बघितली जाते, चार अक्षता पडतात आणि येणारी जाणारी प्रत्येक बाई नव्या नवरीच्या हनुवटीला हात लावून म्हणते, "नशीब काढलंस हो!" नवऱ्यानं नशीब काढलं असं म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. त्यानं लग्न केलं म्हणजे त्यानं उपकार केले, तिनं लग्न केलं म्हणजे तिच्यावर उपकार झाले. असा हा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडचा थोर दाखलाच घ्या. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे कैवारी. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. सुधारक मंडळी आशेनं बघत होती की आता हे विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांनी वर्षही उलटू न देता ११ वर्षांच्या मुलीशी त्यांचं लग्न लावून दिलं. त्या मुलीच्या पुढं रमाबाई रानडे झाल्या. "रानड्यांनी रमाबाईंना घडवलं," असं आपण शाळेपासून घोकत आलो. शिकवलं त्यांनी, हे खरंच. पण पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते १९०९ साली, आणि रानडे वारले १९०१ साली. मधल्या आठ वर्षांत बाईंना कोण घडवत होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

घरोघरच्या नवरीपुरता हा न्याय असता तर मी गप्प बसलो असतो. लग्नाच्या पंगतीत वाद घालणाऱ्याला मठ्ठा उशिरा मिळतो, हा माझा अनुभव आहे. पण ज्या बाईच्या आवाजासाठी अख्खा देश कान टवकारून बसायचा, तिलाही हाच न्याय लावलेला बघितला की माझं डोकं फिरतं. मी बोलतोय एम. एस. सुब्बुलक्ष्मींबद्दल, आणि त्यांचे यजमान टी. सदाशिवम यांच्याबद्दल.

निमित्त झालं आमच्या इमारतीतल्या अण्णांचं. तिसऱ्या मजल्यावर राहतात. गेली कित्येक वर्षं रोज पहाटे साडेपाचला त्यांच्या घरातून सुब्बुलक्ष्मींचं 'वेंकटेश सुप्रभातम्' सुरू होतं. त्या स्तोत्रानं तिरुपतीचा बालाजी उठतो की नाही ते त्यालाच ठाऊक, आमची इमारत मात्र उठते. एकदा जिन्यात मी त्यांना म्हटलं, "अण्णा, काय आवाज आहे हो या बाईंचा!" अण्णांनी चपला काढता काढता एक बोट वर केलं आणि म्हणाले, "आवाज आहेच हो. पण घडवलं कुणी? नवऱ्यानं! देवमाणूस. बायको गेलेली, पदरात दोन मुली, आणि तरी देवदासीच्या घरातली मुलगी पत्करली. त्यांनी तिचं सोनं केलं."

हेच वाक्य मी मैफलींच्या निवेदनांत ऐकलंय, लेखांत वाचलंय आणि बुजुर्गांच्या तोंडून तर किती वेळा, मोजलं नाही. म्हणून आज एकदाचा जमाखर्च मांडतो. अण्णांचा राग येवो, सुप्रभातम् काही ते बंद करणार नाहीत.

आधी मुळातली गोष्ट. १९३६ साली या दोघांची गाठ पडली. सदाशिवम तिशी ओलांडलेले, तमिळ ब्राह्मण, देवभक्त. अंगात खादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेला, राजाजींचे पट्टशिष्य. नोकरी 'आनंद विकटन' या साप्ताहिकाच्या जाहिरात खात्यात. सुब्बुलक्ष्मी विशीतल्या, मदुराईच्या. देवदासी परंपरेतलं घर. आई षण्मुखवडिवु वीणा वाजवायची, आजी अक्कम्माळ व्हायोलिन. या मुलीची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा ती दहा वर्षांची होती. विशी गाठायच्या आत मद्रासच्या म्युझिक अकॅडमीत गाऊन तिनं भल्याभल्या पागोट्यांना माना डोलवायला लावलं होतं. म्हणजे सोनं आधीच होतं, हे कृपया लिहून घ्या. जाहिरात खात्यातल्या माणसाला सोन्याची पारख होती, हेही लिहून घ्या. पण पारख करणारा सराफ आणि सोनं देणारी खाण यांतला फरक अण्णांना कळायला हवा. ते स्वतः सोनं घेताना चार दुकानं फिरतात.

त्याच वर्षी ती मुलगी आईचं घर सोडून मद्रासला आली. कोणी आणली नाही, आली. जिचं आयुष्य आई ठरवणार, हे जन्मापासून ठरलेलं, अशी विशीतली मुलगी १९३६ साली घर सोडते, ही गोष्ट साधी नव्हे. आमच्या घरातल्या विशीतल्या मुलींना आजही पुण्याहून नाशकाला जायचं तर चार फोन करावे लागतात.

आता एक खोडसाळ गोष्ट. त्या वेळी सदाशिवम विधुर नव्हते. पत्नी होती, दोन लहान मुली होत्या. ही भाविक प्रेमकथा सांगणारी मंडळी १९३६ वरून निघतात ती थेट १९४० वर थांबतात. फास्ट लोकलनं मधली स्टेशनं गाळावीत तशी मधली चार वर्षं गाळतात. त्या गाळलेल्या स्टेशनांवर एक पहिली पत्नी उभी होती, तिच्याबद्दल कोणी दोन शब्द बोलत नाही. शिवाय त्याच सुमारास 'शकुंतलै' चित्रपटात दुष्यंताचं काम करणारे गायक जी. एन. बालसुब्रमण्यम यांना सुब्बुलक्ष्मींनी लिहिलेली प्रेमपत्रं पुढं त्यांच्या चरित्रात छापून आली. ती पत्रं निघाल्यावर काहींना केवढा धक्का बसला! मला नाही बसला. ज्या बाईच्या गळ्यात एवढी आर्तता, तिच्या काळजात काही नसणार, असं समजणाऱ्यानं गाणं ऐकूच नये, रेडिओवर बाजारभाव ऐकावेत.

तर पहिली पत्नी वारली, आणि १० जुलै १९४० रोजी मद्रासजवळच्या तिरुनीरमलैच्या देवळात दोघांचं लग्न झालं. ब्राह्मणानं देवदासीच्या मुलीशी देवळात रीतसर लग्न करणं ही त्या काळी गंमत नव्हती. मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद करणारा मद्रास प्रांताचा कायदा झाला तो १९४७ साली. सदाशिवमनी हिंमत दाखवली, याबद्दल त्यांना माझा नमस्कार. पण उंबरठा ओलांडला कोणी? ते आपल्याच घरात, आपल्याच देवघरात राहिले. त्यांची भाषा, त्यांचं जेवण, त्यांचे गुरू, त्यांचं सोवळं तसंच राहिलं. बदललं सगळं बाईंनी. कांजीवरम साडी, हिऱ्याच्या कुड्या, मोगऱ्याचा गजरा अशी जी मूर्ती आपण जन्मभर बघितली, ती त्या घरच्या आदर्श गृहिणीची मूर्ती होती. तिच्यापायी निळ्या रंगाच्या एका छटेला 'एमएस ब्लू' असं नाव पडलं. जग त्या मूर्तीच्या पाया पडलं, पण बाई मदुराईच्या त्या जुन्या घरातली म्हणून पाया पडलं असतं का? मला शंका आहे.

आता जमेची बाजू. सदाशिवमनी काय केलं? पुष्कळ केलं. मैफल कशी आखायची, जड कृतीनंतर हलकं भजन कुठं टाकायचं, श्रोत्यांना कुठं थोपवायचं आणि कुठं सोडायचं, हे सगळं त्यांनी बघितलं. पहिल्या रांगेत बसून ते मैफल चालवायचे. बनारसच्या सिद्धेश्वरी देवींना मद्रासला घरी बोलावून बायकोला ठुमरी शिकवायची सोय केली. राजाजींमुळं गांधीजी आणि नेहरूंपर्यंत वाट होती. १९४४ साली कस्तुरबा स्मारक निधीसाठी बाई गायल्या. १९४७ साली गांधीजींनी एक मीराभजन त्यांच्या आवाजात ऐकायची इच्छा कळवली, तेव्हा रातोरात मुद्रण करून ते दिल्लीला धाडलं गेलं. १९६३ साली एडिंबरो, १९६६ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाचं सभागृह. तिथं राजाजींनी लिहिलेलं एक इंग्रजी प्रार्थनागीतसुद्धा त्या गायल्या. इंग्रजीत एक वाक्य बोलायचं तर बाई संकोचत, गायचं म्हटल्यावर मात्र थेट राष्ट्रसंघ. एवढं सगळं जुळवून आणणारा नवरा मिळायला भाग्य लागतं, हे मला मान्य. (आमच्या घरी मला भाजी आणायला पाठवलं तर कोथिंबीर विसरून येतो.)

आता दुसरं पान उलटा. तिथं काय लिहिलंय ते अण्णा कधी वाचत नाहीत.

लग्नानंतर वर्षभरात, १९४१ साली, तमिळ 'सावित्री' चित्रपट आला. त्यात सुब्बुलक्ष्मींनी काम केलं नारदाचं. पुरुषाचं! हाती वीणा, गळ्यात माळा, 'नारायण नारायण'. आणि सावित्री कोण? आपल्या शांता आपटे! त्या तमिळ शिकून ती भूमिका करायला गेल्या होत्या. पतीचे प्राण परत आणणारी सावित्री मराठी मुलीनं केली. पण पतीचा संसार उभा करणारी सावित्री त्या पडद्यावर नारदाच्या वेषात हिंडत होती. कारण सदाशिवम आणि त्यांचे स्नेही कल्की कृष्णमूर्ती यांना आपलं स्वतंत्र साप्ताहिक काढायचं होतं, त्याला भांडवल हवं होतं. ते बाईंच्या त्या कामाच्या पैशातून उभं राहिलं. 'कल्की' साप्ताहिक त्याच वर्षी निघालं. म्हणजे संपादकांची खुर्ची, मालकांची पत आणि कंपॉझिटरचा पगार, सगळं नारदाच्या शेंडीवर टांगलेलं! याला आमच्याकडे 'नवऱ्यानं बायकोला उभं केलं' म्हणतात.

मग त्या दोन मुली, राधा आणि विजया. 'पोरांकडं कोण बघणार' याचं उत्तर इथं फार सुंदर मिळालं. बाईंना स्वतःचं मूल झालं नाही. त्यांनी राधाला मांडीवर घेऊन सूर लावायला शिकवलं. १९४५ च्या तमिळ 'मीरा' चित्रपटात छोटी मीरा राधा, मोठी मीरा सुब्बुलक्ष्मी. पुढं कित्येक वर्षं राधा त्यांच्या शेजारी बसून गात राहिली, न्यूयॉर्कच्या त्या सभागृहातही. सावत्र आईच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. सवतीच्या मुलीला आपल्या आवाजात वाटेकरी करून घेणारी आई गोष्टीत नसते. असली तर आपण तिला नवऱ्याच्या पुण्याईच्या खात्यावर जमा करतो.

आणि पैसा? तो बाईंनी कमावला आणि दोघांनी मिळून वाटला. देवळं, इस्पितळं, शाळा. दानधर्म एवढा झाला की १९७४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो लोकसेवेसाठी. पुढं ओढाताण झाली, 'कल्की गार्डन्स' हा मोठा बंगला विकावा लागला. तेव्हा तिरुपती देवस्थानानं ध्वनिमुद्रणाचं काम दिलं आणि बाई साठी उलटल्यावर नवी स्तोत्रं, नव्या तेलुगू रचना पाठ करायला बसल्या. साठीनंतर माणसाला किल्ल्या कुठं ठेवल्या ते आठवत नाही. या बाई परक्या भाषेतली पदं एक अक्षर इकडचं तिकडं न होऊ देता पाठ करत होत्या. तेव्हाही कोणी म्हटलं नाही, की बायकोनं नवऱ्याचं सोनं केलं.

एवढं मी एकदा सांगत असताना माझा भाचा मध्ये पडला. तो नव्या विचारांचा आहे, म्हणजे प्रत्येक वाक्य 'अॅक्च्युअली' नं सुरू करतो. म्हणाला, "मामा, अॅक्च्युअली त्यानं तिला पिंजऱ्यात ठेवलं. काय गायचं ते तो ठरवणार, कोणाला भेटायचं ते तो ठरवणार. तिला मत होतंच कुठं?"

घ्या! अण्णा म्हणतात ती मातीचा गोळा होती, भाचा म्हणतो पोपट होती. एक नवऱ्याला देवपण देतो, दुसरा राक्षसपण. पण एका बाबतीत दोघांचं घट्ट एकमत आहे: बाईला स्वतःचं डोकं नव्हतं. माझं भांडण नेमकं या एकमताशी आहे. मैफल सदाशिवम आखत, हे खरं. आणि त्यांचा शब्द घरात अखेरचा असे, हेही खरं. ते मला आवडतं असं नाही. पण एकदा तोंड उघडल्यावर पंचमावर किती क्षण थांबायचं, हे पहिल्या रांगेत बसून नवरा ठरवू शकत नाही. तिथं देवही ठरवू शकत नाही. तिथं ती एकटी असते आणि तंबोरा असतो.

भाच्याला नि अण्णांना मी एकच गोष्ट दाखवतो. त्यांचं नाव बघा. एम म्हणजे मदुराई, एस म्हणजे षण्मुखवडिवु. गाव आणि आई. सत्तावन्न वर्षं संसार केला, नवऱ्याला गुरू मानलं, पण त्या नावात नवऱ्याचं अक्षर शिरलं नाही. पद्मभूषण मिळालं ते त्याच नावाला, मॅगसेसे त्याच नावाला. ज्या घराबद्दल अण्णा नाक मुरडून बोलतात, त्या घराची पाटी बाईंनी जन्मभर आपल्या नावापुढं लावून ठेवली. याला डोकं नसणं म्हणत नाहीत.

यावर अण्णांचा हुकमी एक्का असतो. "अहो, पण बाई स्वतःच म्हणायच्या ना, की सगळं त्यांच्यामुळं!" म्हणायच्या. मनापासून म्हणायच्या. पण अण्णा, तुमच्या एकसष्टीला तुम्ही माइकवरून म्हणालात, "हिच्याशिवाय मी शून्य." आम्ही टाळ्या वाजवल्या आणि श्रीखंडाकडे वळलो. कोणी कागद काढून लिहून घेतलं नाही, की अण्णा शून्य आहेत, सबब पेन्शन वहिनींच्या नावे करावी. नवऱ्यानं म्हटलं तर तो त्याचा मोठेपणा, आणि बायकोनं म्हटलं की तो स्टँपपेपरवरचा कबुलीजबाब! कृतज्ञता म्हणजे कर्जाची पावती नव्हे. प्रेमात माणूस स्वतःच्या वाट्याचंही दुसऱ्याच्या नावावर मांडतो, त्यालाच प्रेम म्हणतात. ते प्रेम होतं, म्हणूनच तो हिशेब पुरावा म्हणून चालणार नाही.

आणि प्रेम होतं. हे मला भाच्याला सांगायचंय. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये सदाशिवम गेले. त्यानंतर सुब्बुलक्ष्मींनी जाहीर मैफल केली नाही. दोनच महिन्यांत, १९९८ च्या जानेवारीत, भारतरत्न जाहीर झालं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या गायिका. पण पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. ११ डिसेंबर २००४ रोजी त्या गेल्या.

"बघा," अण्णा म्हणतात, "तो गेला नि गाणं संपलं. म्हणजे गाणं कोणाचं होतं?" अहो, त्या वेळी बाई ८१ वर्षांच्या होत्या! ८१ व्या वर्षी अण्णांनी जिना चढणं बंद केलं तर मी म्हणणार आहे का, की त्यांचे पाय वहिनींचे होते? जिच्याबरोबर माणूस सत्तावन्न वर्षं जेवला, ती गेल्यावर भूक मरते. म्हणून जेवण करणारा पाहुणा होता असं ठरत नाही. त्या गप्प झाल्या त्या दुःखानं. दुःखाचा हक्क तरी त्यांचा त्यांच्याकडं राहू द्या.

आणि घडवण्याचीच गोष्ट असेल तर मला एक साधा प्रश्न आहे. कुंभार म्हटला की त्याच्या अंगणात चार मडकी दिसतात. सदाशिवम जर सुब्बुलक्ष्मी घडवणारे कुंभार होते, तर त्यांनी दुसरी का नाही घडवली? जाहिरात येत होती, ओळखी होत्या, साप्ताहिक हाताशी होतं, मद्रासमध्ये गाणाऱ्या मुलींना तोटा नव्हता. अंगणात एकच मडकं, आणि तेही बाजारातून आणण्यापूर्वीच खणखणीत वाजणारं!

मला त्यांच्या श्रेयातला एक पैसाही कापायचा नाही. देवभक्त विधुर आणि गाजलेली गायिका, अशी जगाला विजोड वाटणारी जोडी सत्तावन्न वर्षं टिकली, ती एकानं दुसऱ्याला घडवलं म्हणून टिकली असं मला वाटत नाही. दोघांनी एकमेकांचं ओझं उचललं आणि दोघंही ते बोलून दाखवत नव्हते, म्हणून टिकली. बोलून दाखवायला आपण होतोच.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या बिजवराच्या लग्नात जाल, आणि नवरीच्या हनुवटीला हात लावून "नशीब काढलंस हो" म्हणायला तुमची जीभ शिवशिवेल, तेव्हा खुशाल म्हणा. फक्त नंतर मान जरा उजवीकडं वळवा, त्या मुंडावळ्या बांधलेल्या गृहस्थाकडं बघा, आणि त्यालाही तेवढ्याच मोठ्यानं सांगा, "तुम्हीही हो!"